सुंदरबाई ओट्यावर थांबल्या

जमनाआजींनी सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता आणि सुंदरबाई ओट्यावर स्वस्थ बसल्या होत्या. मला त्यांचा राग आला.

साठ सालानंतरची गोष्ट. मी शहाद्याच्या दवाखान्यात नर्स होते. आठवड्यातून दोनदा कळसाडीला व्हिजिटला जायचे. आजींना पोटाचा कॅन्सर. उपचार संपले होते, उरली होती ती देखभाल. त्यासाठी सुंदरबाई रोज सकाळच्या एसटीने शहाद्याहून यायच्या. कापड दुकानदाराच्या मारवाडी घरातल्या, विधवा. पगार नाही, काही नाही. आता अशांना व्हॉलंटियर म्हणतात.

शेवटी शेवटी पेशंटला नीट गिळता येत नाही. मान एका बाजूला वळवून, कापसाच्या बोळ्याने ओठांच्या कडेला थेंब थेंब सोडायचा, नाहीतर ठसका लागतो. सुंदरबाईंचा हात फार हलका. आजी दुसऱ्या कुणाकडून पाणी घेईनात. सून शांता घरातच होती, पण सासूने तिच्याशी दोन वर्षं बोलणं टाकलं होतं.

"तुमच्या हातून घेतात, तर पाजा ना," मी म्हटलं.

"आणि दुपारी मी गेल्यावर? सिस्टर, मी एसटीने येते, एसटीने जाते. शांता इथेच राहणार आहे."

मी स्वतःच बोळा घेऊन आत निघाले. त्यांनी मला थांबवलं. अर्धा तास द्या, म्हणाल्या, मग तुम्ही म्हणाल तसं. आत जाऊन त्यांनी शांताच्या हातात बोळा दिला, मान कशी धरायची ते दाखवलं. आजी सुंदरबाईंना म्हणाल्या, "तूच दे."

"मन्हं काम झालं, माय. आते तुन्ही सून शे," असं आजींच्या अहिराणीत म्हणून त्या पुन्हा बाहेर आल्या. बसल्या, पण पदराचं टोक बोटांना गुंडाळत होत्या. तेव्हा कळलं, त्यांनाही सोपं नव्हतं.

अर्धा तास होत आला. मग आतून आजींचा आवाज आला, "हात थरथरी ऱ्हायना तुन्हा."

मी डोकावले. शांता रडत होती आणि आजी पाणी घेत होत्या.

पुढचे दहा-बारा दिवस शांतानेच सगळं केलं. आजी गेल्या त्या तिच्या मांडीवर. सुंदरबाई नंतर त्या घरी गेल्या नाहीत. "मला पाहिलं की घरच्यांना आजारपणच आठवेल," म्हणाल्या.

पुढे मी नव्या नर्सेसना शिकवायचे. बोळा धरायला त्या दोन दिवसांत शिकत. तो दुसऱ्याच्या हातात द्यायला कित्येकींना वर्षं लागली. मला तर सहा.