भाताच्या काट्यावर

डोळखांबला माझी भात गिरणी आहे. तिथे गावातली एक पोरगी तांदूळ न्यायला कमी आणि स्वतःचं वजन करायला जास्त येते. राज्याची हेवीवेट बॉक्सिंग चॅम्पियन आहे ती. एक्याऐंशी किलोच्या वर भरली तरच त्या गटात खेळता येतं, म्हणून स्पर्धेआधी चपला काढून पोत्यांच्या काट्यावर चढते. बोलते थोडं, तेही खाली मान घालून. काट्यावर मात्र डोळे मिटते आणि आकडा मला मोठ्यानं वाचायला लावते.

परवा ती आली तेव्हा तिची आत्या आधीच भात घेऊन बसली होती. शेजारी एक बाई होती. हिच्यासाठी आत्यानं बघितलेल्या मुलाची आई. ही काट्यावर चढली तशी आत्यानं मला डोळ्यांनी दटावलं. मी पोत्याचं तोंड बांधायला घेतलं.

"काका, वाचा ना."

"मागनं सांगतो गो."

तिनं डोळे उघडले, काट्याकडे बघितलं आणि अख्ख्या गिरणीला ऐकू जाईल असं म्हणाली, "ब्याऐंशी."

आत्यानं पदर तोंडाला लावला. ती बाई हसून म्हणाली, "लग्नाआधी थोडी उतरव गो."

तिनं शांतपणे चपला घातल्या. मग मान वर करून म्हणाली, "मी नाय उतरवणार, मावशी. तुमच्या पोराला आणा एकदा. तो किती भरतोय ते पण काका मोठ्यानं वाचतील."