गावाला लिहून दिलेली माफी

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या बौद्धवाड्यातली विहीर आटली, तेव्हा आई गावच्या विहिरीवर गेली आणि दोन घागरी भरून आली. मी तेव्हा सातवीत होते. संध्याकाळी गावातली चार वजनदार माणसं आमच्या दारात आली. वडील अंबडच्या वाटेवरच्या एका शाळेत मास्तर होते, म्हणून ती माणसं आवाज न चढवता बोलली. "मास्तर, माफी लिहून द्या. बात खतम."

"पन माझं चुकलं काय?" आईनं आतून विचारलं.

वडिलांनी माझ्या वहीतलं पान फाडलं आणि वळणदार अक्षरात माफीनामा लिहिला. आईनं अंगठा द्यायला साफ नकार दिला. मग त्यांनी एकट्यानंच सही केली.

त्यानंतर आई नदीच्या पात्रात झरा उकरून पाणी आणायची. वडिलांशी ती बोलेना. आठवड्यानं जेवताना ते खालमानेनं म्हणाले, "चुकलं माझं. तुमच्या दोघींसाठी भ्यालो."

"मंग हे त्यांच्याम्होरं म्हना," आई म्हणाली.

ते त्यांनी कधीच म्हटलं नाही. गावापुढं चूक नसताना त्यांनी कागदभर माफी लिहिली होती, आणि आईपुढं चूक खरी होती, तर नुसते शब्द पुरत नव्हते.

पुढं आई बोलू लागली. शाळेची वेळ झाली, भाकरी झाकून ठेवली आहे, एवढंच. त्यापलीकडं काही नाही.