गडदे साहेबांची मुक्कामी गाडी

"परत कवा येणार?"

गडदे साहेब माझ्याशी बोलले ते पहिलं वाक्य हे. गेवराईच्या स्टँडवर मी सकाळच्या बीड गाडीची वाट बघत उभी होते. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, पायात चपला, खांद्याला कापडी पिशवी, असा पन्नाशी उलटलेला एक माणूस सरळ समोर आला आणि ओळख ना पाळख, एका बाईमाणसाला विचारतोय, परत कवा येणार! मी काय ऐकून घेते? "तुम्हाला काय करायचंय? वाट बघत बसणार आहात का?" असं चारचौघांत सुनावलं. तो अजिबात न लाजता म्हणाला, "व्हय. वाट बघायचंच काम हाय माझं." आणि शेजारच्या म्हाताऱ्याला तेच विचारायला निघून गेला.

मी बीडला विभागीय कार्यालयात वाहतूक शाखेत कारकून. जिल्ह्यातली कोणती बस कुठून कुठे, कधी सोडायची आणि रात्री कुठे ठेवायची, हे ठरवणारी शाखा आमची. त्याच दिवशी नवे साहेब रुजू होणार होते. दुपारी चहाला सगळ्यांना आत बोलावलं, तर खुर्चीत तोच चपलावाला माणूस. साहेबांनी बशीत चहा ओतला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, तुमी सांगितलंच न्हाई."

"संध्याकाळच्या गाडीनं, साहेब."

"जागा मिळती का?"

"नाही. पाडळशिंगीपर्यंत उभंच राहावं लागतं."

त्यांनी मान हलवली. राग नाही, टोमणा नाही, काही नाही. थोड्या दिवसांनी संध्याकाळी गेवराईला आणखी एक गाडी लागली आणि मी बसून घरी जायला लागले. आभार मानायला गेले तर म्हणाले, "तुमच्यासाठी न्हाई लावली. खामखा गैरसमज करून घेऊ नका."

माणूस गोड होता असं मी म्हणणार नाही. दुसऱ्याच्या डब्यात न विचारता हात घालायचे, त्यातलं लोणचं आवडलं तर संपवायचे. स्तुती करायची झाली तर जीव जायचा त्यांचा. ड्रायव्हर-कंडक्टरांना मेमो मात्र सढळ हातानं वाटायचे. कुणी विनोद केला की हसायचं सोडून "मंग?" असं विचारायचे, की सांगणाऱ्याची वाचाच बसावी.

पण काम त्यांचं वेगळंच होतं. आधीचे साहेब भिंतीवरच्या नकाशाकडे बघून गाड्या लावत. हे कोणत्याही गाडीत शेवटच्या बाकावर जाऊन बसत आणि येईल त्याला तो एकच प्रश्न. कुठे चाललात, हे कधीच नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "जाणारी गाडी कुणी बी लावतंय, मॅडम. माणूस घरी कसा येतो ते बघायला आकल लागती. यायची सोय नसली का माणूस जातच न्हाई. आन आपुन हितं बसून म्हणतो, पब्लिकच न्हाई."

मांजरसुंब्याच्या चौकात मी त्यांच्यासोबत होते तेव्हाची गोष्ट. ढाब्यासमोरून एक मेंढपाळ शेदीडशे मेंढरं घेऊन घाटाच्या दिशेनं निघाला होता. साहेबांनी त्यालाही गाठलं. "पाव्हणं, परत कवा येणार?" तो चालता चालता म्हणाला, "पाऊस सांगंल तवा." साहेब खूश. मी म्हटलं, "साहेब, तो मेंढरं घेऊन आपल्या गाडीत बसणार आहे का?" "त्यो न्हाई बसणार. त्याची बायको बसंल, लेकराला दवाखान्यात नेताना. ती बी त्याच्याच मागं येणार." त्यांच्या स्वतःच्या घरी मेंढरंच होती, हे मला फार उशिरा कळलं. वडील जन्मभर कळपामागे चालले, आणि ते कधी येणार हे घरात कुणाला माहीत नसायचं.

आता खडकवाडी. युसूफ वडगावच्या पुढे डोंगरात ही वाडी. तिथे रोज संध्याकाळी आमची एक गाडी जायची, रात्री देवळासमोर उभी राहायची आणि सकाळी केजला परत यायची. हिला आम्ही मुक्कामी गाडी म्हणतो. ड्रायव्हर-कंडक्टर देवळात झोपत. जेवण वाडीतून, रोज एका घराची पाळी. कुठे लिहिलेलं नाही, कुणी ठरवलेलं नाही, पण अशा वाड्यांमधून ही पद्धत चालत आलेली आहे.

दिवाळी झाली की खडकवाडीतली धडधाकट माणसं ऊस तोडायला कारखान्यांवर जातात. मागे म्हातारी आणि लेकरं. मग गाडीचं भारमान, म्हणजे गाडी किती भरून चालते तो हिशेब, एकदम खाली येतं. त्यातच त्या भागातले एक पुढारी, त्यांना सगळे अण्णा म्हणत, चार माणसं घेऊन ऑफिसात आले. त्यांना आपल्या गावाहून पुण्याला थेट गाडी पाहिजे होती. साहेबांनी विचारलं, "पुण्याला गेलेली माणसं परत कवा येत्यात?"

"दर शनवारी येत्यात की साहेब! पोरं हायती आमची कंपन्यांत. खासगी गाडीवाले लुटायलेत त्यायला."

मागणी खोटी नव्हती. नवीन गाडी मिळणार नव्हती, कुठून तरी काढावी लागणार होती. साहेब दोन दिवस खडकवाडीच्या गाडीत शेवटच्या बाकावर बसून आले, रात्री मात्र ऑफिसच्या जीपनं केजला जाऊन झोपले. जाताना बस रिकामी, येताना दोन म्हातारे. "परत येणारं कुणी न्हाईच तिथं," ते मला म्हणाले, आणि गाडी काढून पुण्याला लावली. अण्णांनी नारळ फोडला, हार घातले, फोटो काढले. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

थंडी ऐन भरात असताना एक म्हातारी ऑफिसात आली. हिराबाई तिचं नाव, खडकवाडीची. फाट्यापर्यंत चालत आली होती. फडक्यात भाकऱ्या बांधलेल्या. आत येऊन तिनं इकडे तिकडे बघितलं आणि विचारलं, "आमचे डायवर-कंडक्टर कुठं हायती? रुसले का आमच्यावर?"

साहेबांना कळेना. "कावून रुसतील, मावशी?"

"जेवणात काय कमी पडलं आसंल. सुना कारखान्यावर गेल्या. आमी म्हाताऱ्या काय करणार? पिठलं नायतर नुसतं कालवण, ते बी पातळ. एक दिस मीठ ऱ्हायलं घालायचं. तवापून गाडी यायची बंद झाली. आता आमी ठरीवलंय, रोज दोन भाज्या करू. ह्या भाकरी त्यायला द्या आन सांगा, चुकलं आमचं."

मला हसू आलं. साहेबांना आलं नाही. त्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि समजावलं की जेवणाचा काही संबंध नाही, गाडीत माणसंच नसतात, तुम्ही कुणी कुठे जात नाही.

"आमाला कुठं जायचंय?" हिराबाई म्हणाली. "आमाला न्हाईच जायचं कुठं. गाडी नुसती ऱ्हाऊ द्या गावात."

सवयीनं साहेबांच्या तोंडून निघणार होतं ते त्यांनी गिळलं, हे मी बघितलं. जी बाई कुठे जातच नाही तिला परत कधी येणार म्हणून काय विचारायचं?

तीच सांगत राहिली. तिच्या म्हाताऱ्याला दमा. गेल्या हिवाळ्यात रात्री श्वास कोंडला, तेव्हा ड्रायव्हरनं देवळासमोरची गाडी काढली आणि त्याला केजच्या सरकारी दवाखान्यात नेलं. वाचला. यंदा पुन्हा कोंडला, तेव्हा गाडी नव्हती. फोन लावायला टेकडीवर चढावं लागतं आणि चढू शकणारं गावात कुणी उरलेलं नाही. पाठ चोळत, वाफ देत सकाळ केली. "ह्या खेपंला निभावलं. पुढल्या खेपंला न्हाई निभायचं, सायेब. गाडी उभी आसली का आमाला झोप लागती. दोन बापे मानसं गावात हायती म्हनून."

ती गेल्यावर साहेबांनी ते भाकरीचं गाठोडं केजला पाठवायला बाजूला ठेवलं. नंतर म्हणाले, "त्या डायवरला मीच मेमो दिलता, मॅडम. बिगरहुकूम गाडी चालवली म्हणून. कावून चालवली, ते इचारलं न्हाई." आणि थोड्या वेळानं, "मी चालत्या गाडीतच बसलो कायम. उभ्या गाडीत बसून बघायला पायजे हुतं."

मला त्या माणसाबद्दल तेव्हा फार वाईट वाटलं, आणि अभिमानही वाटला. दोन्ही बोलून दाखवलं नाही. दाखवलं असतं तर "मंग?" म्हणाले असते.

त्यांनी त्या ड्रायव्हरचा मेमो मागे घेतला आणि त्याच आठवड्यात पुण्याची थेट गाडी काढून खडकवाडीचा मुक्काम पुन्हा लावला. पुण्याच्या प्रवाशांनी केजला गाडी बदलावी, असं ठरलं. अण्णा आले ते लालबुंद होऊन. "रिकाम्या बसमधी काय भुतं बसवताय का साहेब? माझ्या नारळाची काही इज्जत?" साहेब म्हणाले, "तुमची पोरं केजला उतरून दुसऱ्या गाडीत बसतील, अण्णा. दमा गाडी बदलीत न्हाई." अण्णांनी टेबलावर हात आपटला. पुढे वरून फोन आले, खुलासे मागवले गेले आणि साहेबांची बदली पार विदर्भाच्या टोकाला झाली. निवृत्तीला थोडेच दिवस उरले होते. आम्ही हळहळलो. ते मात्र शेवटच्या दिवशीही माझ्या डब्यातलं लोणचं संपवून गेले.

स्टँडवर मी सोडायला गेले होते. गाडीत चढताना म्हणाले, "खडकवाडीचं भारमान दर साली पडणार. दर साली कुणीतरी ती गाडी काढाया येणार, आन कागदावर त्याचंच बराबर आसणार. तुमी हायत ना हितं?"

"आहे की."

"मंग ठीक." आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसले. परत कधी येणार, हे मी विचारायला हवं होतं. ओठांवर आलं होतं. पण त्यांच्यासारखं सहज विचारणं मला जमलं नाही.

त्यानंतर साहेब दोन बदलले. दिवाळीनंतर दोघांनीही तोच प्रश्न केला, मॅडम, ही रिकामी गाडी कशाला? मी दोघांनाही एकच सांगितलं, एकदा मुक्कामाला जाऊन या. दोघेही गेले आणि दोघांनीही नंतर विषय काढला नाही. गेल्या हिवाळ्यात तिसरे आले. ते जायला तयार होईनात. मग मीच गेले, निदान बघून येऊन काहीतरी सांगता येईल म्हणून.

दिवस मावळायच्या आत गाडी देवळासमोर उभी राहिली. उतरणारी मी एकटी. हिराबाई दोन भाज्या घेऊन पारावर आलीच होती. तिचा म्हातारा पलीकडे घोंगडी पांघरून बसला होता, खोकत होता, पण होता. तिनं मला लगेच ओळखलं. "बाई, ते सायेब परत कवा येणार?"

महिन्यापूर्वीच त्यांच्या गावाहून निरोप आला होता. झोपेतच गेले. मी तिला खरं सांगितलं. दुसरं काय सांगणार?

हिराबाईनं पदर तोंडाला लावला. मग ड्रायव्हरच्या ताटात भाकरी वाढली, कंडक्टरच्या वाढली, माझ्याही. हात थांबला नाही तिचा. वाढून झाल्यावर बसकडे बघत हळूच म्हणाली, "मंग गाडी?"

"गाडी राहील," मी म्हणाले. कुणालाही विचारलेलं नव्हतं.