सासूबाईंच्या मिस्सेतली गाणी

माझी धाकटी जाऊ हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करते. शिक्षण बेताचं, आवाज त्याहून बेताचा. तरी गेल्या वर्षापासून रविवारच्या मिस्सेची, म्हणजे चर्चमधल्या उपासनाविधीची, गाणी तीच निवडते, आणि माझ्या अंगाचा तिळपापड होतो. का नाही होणार? त्याआधी सगळी वर्षं ती मी निवडत होते. मी संगीत शिकलेय. गायकवृंदात वरच्या पट्टीतली ओळ माझीच.

तिची निवडायची रीत ऐका. बाई इस्त्री फिरवता फिरवता प्रत्येक गाणं म्हणून बघते. दम लागला की ते गाणं बाद! "ताई, बाकांवरच्या म्हाताऱ्यांनाही दम लागणार ना," म्हणते. मी म्हटलं, "अगं, ही उपासना आहे की व्यायाम?" ती खळखळून हसली. तिला टोमणा लागतच नाही, हा आणखी एक ताप. वर फादरना तिचं भारी कौतुक. "लोक गायला लागलेत," म्हणतात. जसे काही आधी सगळे मुकेच होते!

मग सासूबाई गेल्या. त्यांच्या अंत्यविधीच्या मिस्सेची गाणी कोण निवडणार? मोठी सून मी. तडक फादरांकडे गेले. ते म्हणाले, "दोघी मिळून ठरवा." धाकटीने भांडायलाही जागा ठेवली नाही. "ताई, अर्पणाच्या वेळचं तुम्ही निवडा, ख्रिस्तप्रसादाच्या वेळचं मी बघते." इतकं गोड बोलली की चिडताही येईना. मनात म्हटलं, थांब, दाखवतेच तुला.

पण माझ्या हट्टाचं खरं कारण आमचे हे. हे चर्चमध्ये मिठाची गुळणी धरून बसतात. लग्न झाल्यापासून एक ओळ गायलेले मला आठवत नाहीत. आई गेल्यावर तर घरातही बोलेनासे झाले. डोळ्यांत टिपूस नाही. माझं गाणं ऐकून तरी त्यांना मोकळं वाटावं, एवढंच मला हवं होतं. आणि ते माझ्याच गाण्याने वाटायला हवं होतं.

माझं गाणं झकास झालं. वरचा सूर असा लागला की फादरांनीही मान वर केली. मी ह्यांच्याकडे बघितलं. मान खाली, ओठ घट्ट मिटलेले.

मग धाकटीचं. दोन ओळींचं साधं स्तोत्र, फिरून फिरून तेच, आणि इतकं खालच्या पट्टीत की मलाच सूर सापडेना. हळूहळू बाकं गायला लागली. आणि ह्यांनी तोंड उघडलं! बेसूर, जाडाभरडा आवाज. गात होते आणि घळाघळा रडत होते.

बाहेर आल्यावर मला राहवेना. "माझ्या गाण्याला का नाही गायलात?"

"तुझं फार वर जातं गं," ते डोळे पुसत म्हणाले. "मला कधी जमलंच नाही."

मेलं, इतकी वर्षं सांगायला काय झालं होतं! मला रडू कोसळलं. सगळ्यांना वाटलं, सासूबाईंसाठीच. धाकटी धावत आली, "ताई, सावरा हो," म्हणत तिने मला जवळ घेतलं. आणि त्या क्षणी जगात जिचा मला सगळ्यात जास्त हेवा वाटत होता, तिच्याच खांद्यावर डोकं टेकून मी रडत राहिले.