गुनवोरच्या अठ्ठ्याऐंशी पट्ट्या

गुनवोरचं डोकं दुकानातच फिरलं. नॉर्वेच्या खाडीकाठच्या वळणांवर एकतीस वर्षं बस हाकलेली बाई ती, आणि तो दुकानदार तिला म्हणतो, "तुमच्या वयाला हा छोटाच कीबोर्ड बरा. दिवे लागतात, ढोल वाजतो. मन रमेल!"

"मन रमवायला मी काय पाळण्यात आहे?" गुनवोर कडाडली. तिनं एक पट्टी दाबून पाहिली. भसकन खाली गेली.

ती नुकतीच पियानोच्या वर्गाला जायला लागली होती, आणि शिक्षिका सिनोवेनं बजावलं होतं, पट्ट्या पूर्ण अठ्ठ्याऐंशी हव्यात आणि बोटाला वजन लागणाऱ्या. फुसक्या पट्ट्यांवर बसलेला हात पुढे सुधारत नाही. दिवे, ढोल, दोनशे चाली गेल्या चुलीत! आणि सोमवारपर्यंत घरी वाजवायला काही नसेल, तर वर्गातली जागा रांगेतल्या पुढच्याला. तसला पियानो दुकानात होता, पण किंमत ऐकून गुनवोरचे डोळे पांढरे झाले. तिच्याजवळ होते तीन हजार क्रोनर.

हौस आजची नव्हे. लहानपणी चर्चचा वादक घरी यायचा तो धाकट्या भावाला, शेटिलला शिकवायला. शेटिल पियानोपाशी, गुनवोर भांड्यांपाशी. दोन वर्षांत शेटिल कंटाळला आणि आईनं पियानो विकून टाकला. गुनवोरला कुणी विचारलंसुद्धा नाही. त्रेसष्टाव्या वर्षीही ती ते विसरली नव्हती. का विसरावं?

शुक्रवारी शाळेच्या बँडसाठी भरणाऱ्या जुन्या बाजाराची मांडामांड होती. गावानं दिलेलं सामान विकायचं, पैसे बँडला. लेक बँडमधून बाहेर पडून वीस वर्षं झाली, तरी गुनवोर दर वर्षी फुकट राबायला हजर. खोक्यांमागून एक इलेक्ट्रिक पियानो निघाला. अठ्ठ्याऐंशी पट्ट्या! तिनं एक दाबली, तर बोटाला मस्त वजन लागलं. किमतीची चिठ्ठी तिनंच चिकटवली: अडीच हजार.

पण राबणाऱ्यांनी शनिवारी दहाला दार उघडेपर्यंत काही घ्यायचं नाही, असा नियम होता. एका वर्षी एकीनं टेबलाखाली स्की लपवल्या, तेव्हा गुनवोरनंच तिला चारचौघांत फैलावर घेतलं होतं. आता स्वतः कुठल्या तोंडानं लपवणार?

दहाला दार उघडलं, गर्दी घुसली. गुनवोर विक्रीसाठी वाफल, म्हणजे साच्यातली गोड धिरडी, भाजत होती. ती साच्यातून काढून धावेपर्यंत पैसे भरून पियानोवर हात ठेवून उभा कोण? शेटिल!

"डोंगरावरच्या कॉटेजला नेतोय," तो खुशीत म्हणाला. "सुट्टीत नातवंडं बडवतील."

"शेटिल, मला हवाय तो. शिकायला."

"या वयात?" तो खो खो हसला. "आणि हवा होता तर कालच बाजूला काढायचास, वेडाबाई! कोण बघत होतं? बरं, तुझ्या गाडीला ट्रेलर आहे ना? तेवढा पोचवून दे."

गुनवोरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "देते की," ती म्हणाली, इतक्या शांतपणे की शेटिलनं सावध व्हायला हवं होतं. पण तेवढी अक्कल असती तर काय हवं होतं!

बाजार उरकून दोघं निघाली. मागच्या सीटवर वाफलच्या पिठानं बरबटलेली पातेली. कॉटेजचा फाटा आला नि मागे गेला.

"अगं, फाटा चुकलीस!"

"एकतीस वर्षांत एक फाटा चुकले नाही मी." गाडी थांबली ती तिच्याच दारात. तिनं अडीच हजार त्याच्या खिशात कोंबले. "उचल ते टोक."

"ही दांडगाई झाली, गुनवोर!"

"झाली! घरातला पियानो विकला, तेव्हा मला कुणी विचारलं होतं? आज मी तुला विचारत नाही. उचल म्हणते ना!"

उचलला त्यानं. करतो काय! पियानो खिडकीपाशी लागला. गुनवोरनं प्लग लावला, खुर्ची ओढली. शेटिल दारात घुटमळला.

"मग मी निघू?"

"पातेली आण आधी गाडीतून," ती मागे वळूनही न बघता म्हणाली. "साबण सिंकपाशी आहे. घास सगळी. मला रियाज करायचाय."