एक तारखेला उचललेली स्कूटर

पेठेतल्या काही रस्त्यांवर गाडी कुठं लावायची हे तारखेवर ठरतं. विषम तारखेला या बाजूला, सम तारखेला त्या बाजूला. तशा पाट्या दोन्हीकडे ठोकलेल्या आहेत. पण पुण्यात पाटी लावायची हौस असते, वाचायची नसते. काल गाड्या इकडे होत्या ना, मग आज तिकडे, एवढाच लोकांचा हिशोब, आणि बहुतेक दिवस तो बरोबरही येतो. फसतो तो एकतीस तारखेच्या दुसऱ्या दिवशी. एकतीस विषम आणि एक तारीखही विषम, म्हणजे बाजू बदलायचीच नसते. पण सवय लागलेली असते. अख्खा रस्ता डोळे झाकून पलीकडे जातो आणि नियमाने गाडी लावणारा एकटाच माणूस बावळट दिसतो.

जूनच्या एक तारखेला बुधवार पेठेतल्या अशाच एका रस्त्यावर तो बावळट मी होतो.

धाकट्याला लस द्यायची होती. राहतो आम्ही विश्रांतवाडीला, पण बायकोला लहानपणी ज्या डॉक्टरांनी सुया टोचल्या, त्यांनीच आपल्या मुलांनाही टोचाव्यात असा तिचा आग्रह. बायको ऑफिसला जाते. मी घरून काम करतो, म्हणजे नातेवाइकांच्या मते मी काम करत नाही. त्यामुळे नऊ महिन्यांचा मुलगा पोटाशी बांधलेला आणि सहा वर्षांची मुलगी स्कूटरवर पुढं उभी, अशी आमची वरात भर उन्हात पेठेत पोचली. शाळा अजून सुरू व्हायच्या होत्या, त्यामुळे तिला घरी ठेवायची सोय नव्हती.

पाटी बघून मी स्कूटर लावली. त्या बाजूला दुसरी एकही गाडी नव्हती. समोर मात्र मुंगीला जागा नव्हती. वायरी आणि बल्ब विकणाऱ्या दुकानाच्या पायरीवर एक आजोबा बसले होते.

"अहो, तिकडं लावा. आज बाजू बदलली."

"आज एक तारीख आहे आजोबा. एक विषम असतो."

"काल विषम होती."

"काल एकतीस होती."

"तेच सांगतोय मी. काल विषम, म्हणजे आज सम."

माझी मुलगी नुकतीच पहिली पास झाली होती. तिनं त्यांच्यासमोर एक बोट धरलं आणि म्हणाली, "एकाला जोडी नसते, म्हणून तो विषम." आजोबांनी त्या बोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तू जन्मायच्या आधीपासून आम्ही इथं गाड्या लावतोय," ते म्हणाले आणि पेपर उघडला. मी दुधाच्या बाटलीची पिशवी डिकीतच ठेवली. दोन मुलं घेऊन दवाखान्याचा लाकडी जिना चढायचा म्हणजे हातात आणखी काही नको होतं.

लस टोचून खाली आलो तेव्हा स्कूटर नव्हती. तिच्या जागी रस्त्यावर खडूनं गाडीचा नंबर आणि वाहतूक पोलिसांच्या चौकीचं नाव खरडलेलं होतं. समोरची रांग जशीच्या तशी होती, एकूण एक गाडी चुकीच्या बाजूला, आणि एकीलाही कुणी हात लावलेला नव्हता.

"गेली ना?" आजोबा म्हणाले. "सांगितलं होतं." मुलीचं लग्न ठरल्याचा आनंद होता त्यांच्या चेहऱ्यावर.

"उचलत होते तेव्हा त्यांना थांबवायचं तरी."

"मी कशाला? तुम्हाला तर सगळं माहिती होतं."

रिक्षा करून चौकीकडे निघालो. बाळाची मांडी गरम लागत होती आणि ते कुरकुरायला लागलं होतं. मुलगी मान वळवून मागं गेलेल्या रस्त्याकडे बघत होती. मग तिनं विचारलं, "बाबा, आपण बरोबर होतो ना?"

"शंभर टक्के."

"मग ते आपल्याला सॉरी म्हणतील?"

"म्हणावंच लागेल," मी म्हणालो. आणि तिथून पुढं मला स्कूटरशी काही देणंघेणं राहिलं नाही. वर्षभर बोटं मोजून पोरगी जे शिकली ते वर्गाबाहेरही तेवढंच खरं असतं, वर्दीतल्या माणसासमोरही खरं असतं, हे तिनं डोळ्यांनी बघावं असं मला वाटत होतं. त्यासाठी मी वाटेल तेवढं भांडायला तयार होतो. भांडायला मी तसा नेहमीच तयार असतो.

चौकी म्हणजे पत्र्याचं छप्पर, एक टेबल, गरम वारा फेकणारा पंखा आणि मागं दोरी बांधून अडवलेल्या, उचलून आणलेल्या गाड्या. माझी स्कूटर तिसऱ्या रांगेत दिसत होती. टेबलाशी रांग होती आणि रांगेतला प्रत्येक जण निमूटपणे दंड भरून जात होता, देवळात नारळ द्यावा तसा. माझा नंबर आला. टेबलामागचे साहेब हातातल्या दंडाची पावती छापायच्या मशीनमधून मान वर न काढता म्हणाले, "गाडी नंबर?"

"त्याआधी मला सांगा, आज तारीख किती?"

"कॅलेंडर बघायला आलात काय?"

"सांगा तर."

"एक."

"एक सम का विषम?"

साहेबांनी आता मान वर केली. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग मशीनच्या पडद्यावरच्या तारखेकडे. त्यांना कळलं. कळल्याचं मी स्वतः पाहिलं, म्हणून पुढचं सगळं मला जास्त झोंबलं. कळल्यावर माणूस ओशाळतो असा माझा समज होता. साहेबांचा चेहरा मात्र बंद झाला.

"सगळ्या गाड्या समोर लावल्या होत्या. तुमची एकटीच अलीकडं. रहदारीला अडथळा झाला."

"समोरच्या सगळ्या चुकीच्या होत्या. त्या उचलायच्या होत्या."

"अख्खा रस्ता उचलू?"

"का नाही? आपल्याकडे क्रेन आहे."

मागून कुणीतरी म्हणालं, "अहो भरून टाका ना, आम्हाला कामं आहेत." एक बाई पुढं सरसावल्या. "एवढ्या उन्हात लेकरांना घेऊन कशाला वाद घालायचा? त्यांच्या आईला तरी पाठवायचं." आई आली असती तर याच बाईंनी विचारलं असतं, नवरा काय करतो घरी बसून. मी त्यांना सांगितलं की मुलांची आई ऑफिसात आहे आणि तुमची काळजी तिच्या कानावर घालतो. त्या तोंड फिरवून उभ्या राहिल्या.

"मुलं आणली म्हणून काय दंड माफ होत नाही," साहेब म्हणाले.

"माफी मागतोय कोण? तुमच्या माणसांचं चुकलं, एवढं म्हणा. संपलं."

तोवर बाळानं सूर लावला होता. भुकेची वेळ उलटून गेली होती, त्यात सुईचं दुखणं. मी म्हणालो की मला डिकीतून दुधाची बाटली तरी काढू द्या. दोरीपाशी उभा असलेला क्रेनवरचा माणूस साहेबांकडे बघून म्हणाला, "काढू देऊ का? गाडी हितंच हाय." साहेब म्हणाले, "आधी मिटू दे." नऊ महिन्यांच्या पोराचं दूध अडवून धरणाऱ्या माणसाला काय म्हणतात ते मला चांगलं ठाऊक आहे. मुलगी बोट धरून उभी होती म्हणून ते तोंडातून बाहेर पडलं नाही.

मग साहेब एकदम मऊ झाले. मशीन बाजूला ठेवून खुर्चीत मागं रेलले. "हे बघा, लहान मुलं आहेत, मीही बाप आहे. दंड लावत नाही तुम्हाला. फक्त चूक झाली म्हणा आणि न्या गाडी."

रांगेतून पसंतीचा आवाज आला. म्हणजे बघा, केवढा दिलदार माणूस.

"मला दंड लावा," मी म्हणालो.

"काय?"

"दंड लावा. जागा, वेळ, तारीख, सगळं येऊ द्या त्यात. मी त्यावर तक्रार करीन."

तारीख त्या दंडाच्या पावतीवर आली की त्यांचीच चूक त्यांच्याच मशीनमधून छापून निघणार होती. हे मला कळत होतं, त्यांनाही कळत होतं. म्हणून दंड ते लावणार नव्हते आणि चूक झाली असं मी म्हणणार नव्हतो.

"इतकी वर्षं झाली, दंड लावा म्हणून भांडणारा पहिलाच बघतोय," ते रांगेला म्हणाले. रांग हसली. "नाही लावणार. काय करायचं ते करा. आणि चूक मान्य केल्याशिवाय गाडी हलणार नाही."

"कुठल्या नियमात बसतं हे?"

"बसा मग तिकडं बाकावर आणि शोधा नियम."

बाळ आता निळं होईस्तोवर रडत होतं. मी त्याला खांद्यावर घेऊन थोपटत होतो आणि साहेबांवर ओरडतही होतो. काय ओरडत होतो ते नीट आठवत नाही. शिकलेली माणसं, कायदा, लाज असं काहीतरी होतं. या माणसापुढं मान तुकवायची नाही, पोरगी बघतेय, एवढंच डोक्यात होतं. म्हणून तिनं माझं बोट कधी सोडलं ते मला कळलं नाही.

ती टेबलाला वळसा घालून साहेबांच्या खुर्चीपाशी उभी होती. हात मागं बांधलेले, शाळेत कविता म्हणताना बांधतात तसे.

"सॉरी काका," ती म्हणाली. "बाबांचं चुकलं. आज सम तारीख आहे."

रांग खदखदून हसली. साहेबही हसले, अगदी मनापासून. "बघा! बापापेक्षा पोरीला जास्त कळतं." त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि क्रेनवाल्याला खूण केली. दोरी खाली आली.

माझ्या अंगाची आग झाली. तो हात झटकून टाकावा, टेबल उलटं करावं असं वाटलं. पण भांडायला आता काही शिल्लक नव्हतं. दंडच नव्हता, तर तक्रार कशाची करणार? आणि चूक तर आमच्या घरातल्याच माणसानं कबूल केली होती, चार लोकांदेखत.

डिकीतून बाटली काढली. स्कूटरच्या सावलीत उकिडवा बसून बाळाच्या तोंडात दिली तेव्हा कुठं ते शांत झालं. मुलगी शेजारी येऊन बसली आणि भावाच्या तळव्यावर बोट फिरवायला लागली. मी बाटली धरून बाळाकडेच बघत राहिलो. बोललो असतो तर आवाज चढला असता.

"एक विषम असतो," शेवटी मी म्हणालो.

"माहितीये मला."

"मग खोटं का बोललीस?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. एवढं साधं कसं कळत नाही, असा चेहरा. "त्यांना तेच ऐकायचं होतं ना बाबा. आणि बाळाला भूक लागली होती."

"म्हणून आपलं चुकलेलं नसताना सॉरी म्हणायचं? हे कुणी शिकवलं तुला? शाळेत?"

"नाही." ती भावाच्या तळव्याशी खेळतच होती. "तू ओरडायला लागलास की मी तुला पण म्हणते."