नाना गाऊन बोलायचे तेव्हा

आमच्या नानांना झटका आला आणि त्यांच्याकडे फक्त एक शब्द उरला. ‘फलाट.’

नाना म्हणजे माझे वडील. जळगावच्या बसस्टँडवर कंट्रोलर होते. तेवीस वर्षं त्यांनी माइकवरून गाड्या सोडल्या. (माइक बंद पडला तरी चोपड्याची गाडी थेट चोपड्यात ऐकू जाईल, असा आवाज!) निवृत्तीनंतर वर्षाच्या आत अर्धांगाचा झटका आला. हातपाय बरेच सावरले, वाचा मात्र गेली. समजायचं सगळं, पण तोंडातून काही केल्या तेवढंच बाहेर पडायचं.

“नाना, चहा घेता?”

“फलाट.”

“अंघोळीचं पाणी काढू?”

“फलाट! फलाट!” म्हणजे नको, किंवा अजून गरम हवं, किंवा टॉवेल कुठाय. आम्ही तिन्ही करून बघायचो. तरी जमलं नाही की नाना भिंतीकडे तोंड करून पडायचे आणि आई स्वयंपाकघरात जाऊन घासलेली भांडी पुन्हा घासायची. तेव्हा हसण्यासारखं काहीच नव्हतं.

गणपतीत शेजारी आरती सुरू झाली, आणि आमच्या पलंगावरून नाना गायला लागले! पहिल्या कडव्यापासून शेवटपर्यंत, एक शब्द न चुकता! आईच्या हातातलं ताट खाली पडलं. आरती संपताच आम्ही सगळे नानांभोवती जमलो.

“नाना, बोला! काहीतरी बोला!”

“फलाट,” नाना म्हणाले.

मग कुणीतरी धुळ्याच्या एका बाईंचं नाव सुचवलं. त्या गाण्यातून उपचार करायच्या. एक मोठी खोली, तीत पेटी, डफल्या, खुळखुळे. न बोलणारी मुलं, अडखळणारी मोठी माणसं आणि त्यांचे भेदरलेले नातेवाईक असे सगळे मिळून तिथं गायचे. बाईंनी नानांना दोन-चार ओळी म्हणायला लावल्या आणि आम्हाला सांगितलं, “यांची बोलण्याची वाट बंद झालीय, गाण्याची उघडी आहे. यांच्याशी जे बोलायचं ते चालीत बोला. घरातल्या सगळ्यांनी. आणि मध्येच चाल सोडायची नाही, ते गोंधळतात.”

“सगळ्यांनी?” माझ्याकडे बघत माझ्या बायकोनं, सुमननं, विचारलं.

“सगळ्यांनी!” बाई म्हणाल्या. (त्यांनी मला अजून ऐकलं नव्हतं.)

मी हायस्कुलात गणित शिकवायचो. शाळेत प्रार्थनेच्या वेळी हेडसरांनी मला कायमचं फाटकावर उभं केलं होतं, उशिरा येणारी मुलं पकडायला. एकही मूल उशिरा येत नसे, तरी मी फाटकावरच! यावरून काय ते समजा.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या दोन खोल्यांत संगीत नाटक सुरू झालं. सुमनचा गळा गोड. ती “चहा घ्या हो नाना” असं म्हणायची की वाटायचं, रेडिओच लागलाय. आई आधी लाजली, मग जात्यावरच्या ओवीच्या चालीत “जेवायला चला” म्हणू लागली. आठव्या दिवशी नानांनी घास घेतला, डोळे मिटले आणि त्याच चालीत उत्तर दिलं :

“वांग्याच्या भाजीत गं... मीठ नाही...”

सव्वा महिन्यानं नवऱ्याचं पहिलं वाक्य ऐकलं, आणि तेही मिठाचं! आई पदर डोळ्याला लावून रडली. मग उठून मीठ आणलं.

त्यानंतर नानांची गाडी सुटलीच. चाल आरतीची, मजकूर नानांचा. एकदा आमचे हेडसर त्यांच्या तब्येतीची चौकशी करायला आले आणि दीड तास स्वतःच्या पित्ताविषयी बोलत बसले. नानांनी शेवटी डोळे मिटून खणखणीत सूर लावला, “कधी जाणार हा, कधी जाणार हा...” हेडसर चटकन उठले, डोक्यावर रुमाल टाकला, हात जोडले आणि डोळे मिटून उभे राहिले! संपल्यावर स्वतःभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि प्रसादासाठी हात पुढे केला. सुमननं साखर दिली. काय करणार!

मी बोलायला, म्हणजे गायला लागलो की मात्र नाना उशी कानावर घ्यायचे. मी म्हणायचो, त्यांना आवाजाचा त्रास होतो.

दर गुरुवारी धुळ्याला जायचं असे. त्या गुरुवारी गाडीला ही गर्दी! नानांना ड्रायव्हरच्या मागची जागा मिळाली, मला सगळ्यात शेवटची. मी चाचणीचे पेपर तपासायला काढले. पारोळा मागे पडलं आणि पुढून नानांचा आवाज आला :

“थांबव रे गाडी आता, थांबव रे गाडी...”

गाडीतली कुजबुज थांबली. नानांनी पुढची ओळ घेतली :

“फार झाली घाई देवा, धीर नाही उरला...”

“वा!” एक फेटेवाले आबा म्हणाले. “काय खोल अर्थ शे! देह म्हंजे गाडी! म्हना रे, बठ्ठा जण म्हना!”

आणि बठ्ठा जण, म्हणजे झाडून सगळे, म्हणू लागले! “थांबव रे गाडी आता, थांबव रे गाडी!” बायकांनी टाळ्या धरल्या. कंडक्टरनं तिकिटाच्या पेटीवर ठेका धरला. ड्रायव्हरला इतकी लय चढली की त्यानं गाडी आणखी जोरात हाणली!

आणि मी काय केलं? अभिमानानं ताठ झालो! शेजाऱ्याला म्हणालो, “माझे वडील आहेत.”

“भलता भारी गास हो तुमना बाप!”

“घरी आम्ही सगळेच गातो,” मी विनयानं म्हणालो.

तिसऱ्या कडव्याला नानांचा सूर एकदम वर चढला. मी मान उंच करून पाहिलं. नानांनी पाय एकमेकांत घट्ट आवळले होते आणि घाम फुटला होता. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सकाळपासून तीन कप चहा झाला होता, आणि हे भजन नव्हतं! ज्या माणसानं तेवीस वर्षं गाड्या सोडल्या, त्याच्यावर भर गाडीत ही वेळ!

मी ओरडलो, “अहो, गाडी थांबवा!”

“सुरात म्हना, सुरात!” आबांनी मला दटावलं.

मी घंटीची दोरी ओढली. मागच्या बाजूला ती तुटलेली होती, माझ्या हातात आली. गोण्या, टोपल्या आणि माणसं तुडवत मी कसाबसा निम्म्या गाडीपर्यंत पोचलो. नाना रडवेले होऊन माझ्याकडे पाहत होते. बाईंची ताकीद आठवली, चाल सोडायची नाही. म्हणून मी जिवाच्या आकांतानं सूर लावला :

“धीर धरा होऽऽ नाना, धीर धराऽऽ...”

टाळ्या थांबल्या. ठेका थांबला. एका टोपलीतली कोंबडीसुद्धा गप्प झाली. नाना माझ्याकडे वळले आणि चालीबिलीत नाही, साध्या, सरळ, बसस्टँडच्या आवाजात म्हणाले :

“तू गाऊ नको! गाडी थांबव!”

ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. नाना उतरले, कंडक्टरच्या खांद्यावर हात ठेवून बाभळीमागे गेले. मी पायरीवर बसून लहान मुलासारखा रडलो. चार महिन्यांनी बापाचं बोलणं ऐकलं होतं! आबा खिडकीतून विचारत होते, “पुढलं कडवं काय शे हो?”

धुळ्याला बाईंनी सगळं ऐकलं. नाना आता अडखळत, पण बोलत होते. बाई थक्क झाल्या. “तुम्ही नेमकं कसं गायलात? म्हणून दाखवा बरं.”

मी घसा साफ केला. खोलीत इतर पेशंट होते, चार वर्षांची एक मुलगी आईच्या मांडीवर होती. ती अजून एक अक्षर बोललेली नव्हती. मी सूर लावला. दुसऱ्या ‘धीर धरा’ला त्या पोरीनं दोन्ही कानांवर हात ठेवले आणि स्पष्ट म्हणाली, “नको!”

तिच्या आईनं माझे पाय धरले. मला कृतार्थ वाटलं. मी नम्रपणे विचारलं, “बाई, मग दर गुरुवारी गात जाऊ का?”

बाईंनी बराच विचार करून नानांच्या केसपेपरवर दोन ओळी लिहिल्या. सुमननं तो कागद काच लावून भिंतीवर टांगलाय. माझ्या गाण्यावर एका जाणकारानं दिलेला तेवढाच लेखी अभिप्राय आहे : “सुधारणा उत्तम. घरी गाणे चालू ठेवावे. मुलाचा डोस वाढवू नये.”